बारावा चार्ल्स वाचायचा कसा: तीन रकान्यांची वही

स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सबद्दल वाचायला घेतलेला माणूस थोड्याच दिवसांत दोनपैकी एका छावणीत जाऊन बसतो. एका छावणीचं म्हणणं, असा शूर राजा होणे नाही. दुसरीचं म्हणणं, या हट्टी पोराने भरभराटीचं राज्य धुळीला मिळवलं. दोन्हीकडे चर्चा मात्र लढायांचीच. मी नोकरीभर रसद आणि गोदाम सांभाळलं. त्यामुळे तलवारींचं वर्णन वाचतानाही माझी नजर मागून येणाऱ्या गाड्यांकडे जाते: दाणा किती, चारा किती, पैसे कोण देणार. त्याच खोडीतून या राजाच्या अभ्यासाची एक रीत मला सापडली. नवख्याला ती उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

एक लांबट वही घ्या. १६९७ पासून १७२१ पर्यंत, म्हणजे तो गादीवर आला तेव्हापासून त्याचं युद्ध मिटेपर्यंत, प्रत्येक वर्षाला एक पान द्या आणि पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात राजा कुठे आहे, दुसऱ्यात शत्रू काय करतोय, तिसऱ्यात स्वीडनमध्ये काय चाललंय. तिसऱ्या रकान्यात पैसा, धान्य, रोगराई, मेलेली माणसं, सगळं येऊ द्या. वाचताना जे सापडेल ते त्या त्या रकान्यात टाकत जायचं, बस्स.

एवढा खटाटोप का, तर हा राजा १७०० च्या वसंतात, वयाच्या सतराव्या वर्षी स्टॉकहोममधून बाहेर पडला आणि १७१८ मध्ये मेला तोपर्यंत राजधानीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. राज्य केलं एकवीस वर्षं, त्यातली अठरा राजधानीबाहेर. अशा माणसाची गोष्ट एकाच सरळ रेषेत वाचली की तो जिथे आहे तिथलंच आपल्याला दिसतं. जिथे तो नाही तिथे काय झालं, हे कळायला बाकीचे दोन रकाने लागतात.

तारखांचा घोळ आधी निस्तरा

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलंत तर पुढे डोकं धरून बसाल. त्या काळी रशिया ज्युलियन पंचांग पाळायचा, पश्चिम युरोपातले बरेच देश ग्रेगोरियन, म्हणजे आज आपण वापरतो ते. दोघांत १७०० नंतर अकरा दिवसांचं अंतर होतं. स्वीडनने तिसरीच तऱ्हा केली. एकदम अकरा दिवस उडवण्याऐवजी १७०० ते १७४० मधले सगळे लीप दिवस गाळायचे आणि हळूहळू नव्या पंचांगावर सरकायचं, असं ठरलं. १७०० चा दिवस गाळला. तेवढ्यात डेन्मार्क, सॅक्सनी आणि रशियाशी युद्ध पेटलं आणि १७०४ व १७०८ चे दिवस गाळायचे राहूनच गेले. म्हणजे स्वीडन रशियाच्या एक दिवस पुढे आणि बाकी युरोपच्या दहा दिवस मागे, असा मधेच लटकला. शेवटी राजाने हा नाद सोडायचा हुकूम काढला आणि गाळलेला दिवस परत घातला. म्हणून १७१२ साली स्वीडनमध्ये ३० फेब्रुवारी ही तारीख खरोखर उगवली.

व्यवहारात याचा अर्थ काय? रशियाने चार्ल्सचा कणा मोडला ती पोल्टावाची लढाई तुम्हाला तीन तारखांना सापडेल: रशियन हिशेबाने २७ जून १७०९, स्वीडिश हिशेबाने २८ जून, ग्रेगोरियन हिशेबाने ८ जुलै. तिन्ही बरोबर. वहीत एकच पद्धत ठरवा. मी ग्रेगोरियन वापरतो. १७०० च्या मार्चपासून पुढच्या ज्युलियन तारखेत अकरा मिळवायचे. १७०० च्या मार्चपासून १७१२ च्या फेब्रुवारीपर्यंतच्या स्वीडिश तारखेत दहा. मूळ तारीख शेजारी पेन्सिलने लिहून ठेवा.

या घोळात एक खास सापळा आहे. रशियावरचा नार्व्हाचा पहिला मोठा विजय ग्रेगोरियन पद्धतीने ३० नोव्हेंबर १७०० चा, आणि राजाचा मृत्यू ३० नोव्हेंबर १७१८ चा. विजयाच्या दिवशीच नियतीने त्याला गाठलं, असं लिहायला हात शिवशिवतात. पण मृत्यूची तारीख ज्युलियन आहे. ग्रेगोरियन पद्धतीने तो ११ डिसेंबरला मेला. नियतीचा इथे काही संबंध नाही.

नातीगोती आणि गावांची नावं

वहीच्या पहिल्या पानावर डेन्मार्कच्या तिसऱ्या फ्रेडरिकचं नाव लिहा आणि खाली त्याचे चार नातू लिहा. एक बारावा चार्ल्स, कारण त्याची आई उल्रिका एलिओनोरा ही फ्रेडरिकची मुलगी. दुसरा डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक. तिसरा ऑगस्टस, सॅक्सनीचा सत्ताधीश आणि निवडून आलेला पोलंडचा राजा. चौथा होल्श्टाइन-गोटोर्पचा ड्यूक, ज्याने चार्ल्सच्या थोरल्या बहिणीशी, हेडविग सोफियाशी लग्न केलं. १७०० साली स्वीडनवर तीन बाजूंनी हल्ला झाला, त्यातले दोघे राजाचे सख्खे मामे-मावसभाऊ होते. तिसरा रशियाचा झार पीटर तेवढा परका. भाऊबंदकी म्हणून सोडून देऊ नका. डेन्मार्कने पहिला घाव घातला तो या ड्यूकच्या मुलखावर, आणि बहिणीच्या नवऱ्याला वाऱ्यावर सोडणं चार्ल्सला शक्यच नव्हतं. हा ड्यूक पुढे १७०२ मध्ये क्लिशोव्हच्या लढाईत चार्ल्सच्याच बाजूने लढताना पडला.

हल्ला तेव्हाच का झाला, हे १६९७ च्या पानावर दिसतं. बाप, अकरावा चार्ल्स, एप्रिलमध्ये वारला. मे महिन्यात त्याचं शव राजवाड्यात ठेवलेलं असतानाच ‘त्रे क्रोनोर’ या जुन्या वाड्याला आग लागली, आणि शव बाहेर काढायची धावपळ करावी लागली. आई आधीच, १६९३ मध्ये, गेलेली. मुलगा चौदा वर्षांचा. पंधराव्या वर्षी त्याला सज्ञान ठरवून सगळी सत्ता हाती दिली. राज्याभिषेकाला निघताना त्याने मुकुट आपणच डोक्यावर चढवला आणि राजाने घ्यायची शपथ घेतली नाही. शेजाऱ्यांनी यातलं फक्त ‘पोरगेला राजा’ एवढंच वाचलं. बापाने मागे काय ठेवलंय, तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. भरलेला खजिना, आणि शेतवाड्यांच्या गटांनी एकेक शिपाई पोसायचा अशी सैन्यव्यवस्था. शिपायाला गटाकडून झोपडी आणि जमिनीचा तुकडा मिळायचा. बोलावणं आलं की गणवेश घालून हजर. तो मेला की गटाने दुसरा शिपाई द्यायचा. हे शेवटचं वाक्य वहीत अधोरेखित करून ठेवा, पुढे फार लागतं.

नकाशा मात्र १७०० चा घ्या, आजचा नको. त्यात फिनलंड, इंग्रिया, एस्टोनिया, लिव्होनिया आणि जर्मनीच्या किनाऱ्यावरचे पोमेरेनिया, विस्मार, ब्रेमेन हे तुकडे स्वीडनच्या रंगात दिसतील. बाल्टिक समुद्र जवळपास स्वीडनच्या घरचं तळं होतं. गावांची जुनी-नवी नावं जोडीने लिहा, नाहीतर शोधताना चुकाल: रेव्हाल म्हणजे टालिन, डोर्पाट म्हणजे टार्टू, थोर्न म्हणजे टोरून, क्रिस्तियानिया म्हणजे ऑस्लो, फ्रेडरिकस्हाल्ड म्हणजे हाल्डेन.

नार्व्हा भराभर, पोलंड सावकाश

सगळे उलटं करतात. १७०० हे वर्ष वाचायला इतकं झकास आहे की त्यातच रमून जायला होतं. उन्हाळ्यात इंग्लिश-डच आरमाराच्या आडोशाने राजा डेन्मार्कच्या झीलंड बेटावर उतरला आणि ऑगस्टमध्ये ट्राव्हेन्डालच्या तहाने डेन्मार्क युद्धातून बाहेर. नोव्हेंबरात नार्व्हा. दहा हजारांच्या आतबाहेरच्या स्वीडिश फौजेने तिप्पट-चौपट रशियन सैन्याच्या खंदकावर बर्फाच्या वादळात हल्ला चढवला. वारा रशियनांच्या तोंडावर होता. पीटर आदल्या दिवशीच छावणी सोडून गेलेला. संध्याकाळपर्यंत सगळा खेळ आटोपला. त्यांची लढायची पद्धत नीट समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या लढाया तशाच आहेत: बंदुका न झाडता चालत जायचं, चाळीसेक पावलांवर आल्यावर बार काढायचा, आणि धूर विरायच्या आत तलवार आणि भाला घेऊन अंगावर जायचं. घोडदळ गुडघ्यामागे गुडघा लावून बाणाच्या टोकासारखं घुसायचं. नार्व्हाला एवढं पुरे.

खरी मेख पुढच्या सहा वर्षांत आहे. ती पानं भरताना मी पहिला आणि दुसरा रकाना शेजारी शेजारी वाचत जातो.

१७०२. राजा वॉर्सात शिरतो, क्लिशोव्हला ऑगस्टसला हरवतो, क्राकूव्ह घेतो. तिथेच घोड्यावरून पडून पाय मोडतो. दुसरा रकाना: पीटर नेव्हा नदीच्या उगमाचा नोतेबोर्ग किल्ला घेतो.

१७०३. राजा थोर्नला वेढा घालून बसलाय. दुसरा रकाना: पीटर नेव्हाच्या मुखाजवळचं न्येनस्कान्स घेतो आणि तिथल्या दलदलीत सेंट पीटर्सबर्गचा पाया घालतो. कागदोपत्री ती जमीन अजून स्वीडनची आहे.

१७०४. राजा ऑगस्टसच्या जागी स्तानिस्लाव लेश्चिन्स्कीला पोलंडच्या गादीवर बसवतो. दुसरा रकाना: डोर्पाट पडलं, आणि नार्व्हाही पडलं. तेच नार्व्हा.

माझा भाचा लढायांचा शौकीन. त्याला ही तीन पानं दाखवली तर म्हणाला, “मामा, राजाला कोणी सांगितलं नाही का?” सांगितलं होतं की. मुख्य सल्लागार काउंट पीपरने परोपरीने विनवलं. पण लगेच राजाला मूर्ख ठरवू नका. ऑगस्टसला पाठीशी तसाच सोडून रशियात शिरला असता तर सॅक्सनीची फौज मागून आली असती. अडचण अशी की एका शत्रूला गादीवरून खाली ओढायला सहा वर्षं गेली, आणि तेवढ्या वेळात दुसरा तयार झाला. १७०६ मध्ये त्याचा सेनापती रेन्शोल्डने फ्राउश्टाटला सॅक्सन फौज झोपवली, राजा सॅक्सनीत घुसला आणि आल्ट्रानश्टेटच्या तहाने ऑगस्टसने पोलंडचा मुकुट सोडला. पुढच्या वर्षी इंग्लंडचा सेनापती मार्लबरो खास त्याला भेटायला आल्ट्रानश्टेटला आला. हा राजा फ्रान्सच्या बाजूने जाईल की काय, ही धास्ती. चोवीस वर्षांचा पोरगा. साधा निळा कोट, केसांचा टोप नाही, दारू नाही, पायांत गुडघ्यावर जाणारे बूट. युरोपचे राजकारणी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. वैभवाचं शिखर म्हणाल तर हेच. पण त्याच पानावर दुसऱ्या रकान्यात पीटर्सबर्ग बांधून होतंय.

पोल्टावा: सुरुवात गाड्यांपासून

पोल्टावाचा अभ्यास लढाईच्या पहाटेपासून सुरू करणं म्हणजे पीक करपल्यावर पेरणीची चौकशी करण्यासारखं आहे. १७०८ च्या उन्हाळ्यापासून सुरुवात करा, आणि लेव्हेनहाउप्ट या सेनापतीपासून करा. राजा पूर्वेकडे सरकत होता आणि पीटरची माणसं पुढची गावं, धान्य, चारा जाळत मागे हटत होती. होलोव्हचिनला जुलैत राजाने आणखी एक लढाई जिंकली. जळलेल्या मुलखात लढाई जिंकून खायला काही मिळत नाही. म्हणून रिगाकडून लेव्हेनहाउप्टने साडेबारा हजारांच्या आसपास माणसं आणि हजारो गाड्यांची रसद आणायची, असं ठरलेलं.

इथे थोडी आकडेमोड करा. मी प्रत्येकाला करायला लावतो. घोड्याला दिवसाला साधारण दहा किलो चारा लागतो. वीस हजार घोडी धरली तरी रोज दोनशे टन. जाळलेल्या मुलखात तो कुठून येणार? गाडीतून आणायचा तर गाडी ओढणारं जनावरही खातंच. म्हणून फौज एका जागी थांबली की आजूबाजूचा मुलूख फस्त होतो आणि तिला हलावंच लागतं. चार्ल्सने मोगिलेव्हला वाट पाहिली. पाऊस, चिखल, गाड्या रुतलेल्या. लेव्हेनहाउप्ट वेळेत पोचला नाही. सप्टेंबरात, तो काही दिवसांच्या मजलेवर आलेला असताना, राजाने दक्षिणेला, युक्रेनच्या भरल्या मुलखाकडे वळायचा निर्णय घेतला. या निर्णयावर वहीत मोठं चिन्ह करा. पोल्टावा इथे हरली गेली, असं माझं मत आहे. नेपोलियनचं उदाहरण देऊन ‘रशियाची थंडी’ म्हणून मोकळं होणाऱ्यांशी माझं जमत नाही.

मधे उघड्या पडलेल्या लेव्हेनहाउप्टला पीटरने लेस्नायाला गाठलं. दिवसभर झुंज झाली. रात्री त्याने आपल्याच गाड्या जाळल्या, तोफा बुडवल्या आणि उरलेल्यांना घेऊन निसटला. राजापाशी पोचला तेव्हा जवळ निम्मी माणसं होती आणि रसद शून्य. म्हणजे खाणारी तोंडं वाढली, खाणं नाही आलं.

मग आली १७०८-०९ च्या हिवाळ्याची ती थंडी. पश्चिमेला फ्रान्सपर्यंत त्या साली हाहाकार झाला होता. युक्रेनमधल्या हादियाचच्या आसपास हजारो सैनिकांचे हातपाय गारठून सडले, कित्येकांचे कापावे लागले. कोसॅकांचा प्रमुख माझेपा राजाला येऊन मिळाला, पण त्याने आश्वासन दिलेलं सैन्य आणि कोठारं आली नाहीत. त्याची राजधानी बातुरिन पीटरचा सेनापती मेन्शिकोव्हने स्वीडिश फौज पोचण्याआधीच लुटून बेचिराख केली होती. रसदीचा माणूस म्हणून सांगतो, या टप्प्यावर फौजेकडे जिंकायला एकच मार्ग उरला होता, आणि तो म्हणजे शत्रूने चूक करणं.

शत्रूने केली नाही. स्वीडिश १७ जूनला, सत्ताविसाव्या वाढदिवशी, राजाच्या पायात गोळी घुसली. लढाईच्या दिवशी तो डोलीत झोपून होता. हुकूम रेन्शोल्डचा, पायदळ लेव्हेनहाउप्टचं, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. पहाटे रशियन छोट्या बुरुजांच्या रांगेतून आरपार निघून जायचं, असा बेत होता. रूस नावाच्या स्वीडिश सेनापतीच्या हाताखालची तुकडी, पायदळाचा तिसरा हिस्सा, त्या बुरुजांतच अडकली. बाकीचं पायदळ, चारेक हजार, पीटरच्या वीस हजारांवर चालून गेलं. सोबत चारच तोफा. दुपार व्हायच्या आत सात हजारांच्या आसपास स्वीडिश मेलेले होते आणि अडीच हजारांहून जास्त कैदेत.

वाचणारे इथे पान उलटतात. थांबा. तीन दिवसांनी, नीपर नदीच्या काठी पेरेवोलोच्नाला, उरलेली फौज येऊन पोचली. नदी ओलांडायला होड्या नाहीत. त्या रशियनांनी वसंतातच नष्ट केल्या होत्या. राजा आणि माझेपा थोड्या लोकांनिशी कसेबसे पार झाले. मागे लेव्हेनहाउप्टने १४ हजारांवर सैनिक घेऊन शरणागती पत्करली. लढाईत मेले त्याच्या जवळपास दुप्पट माणसं इथे गेली, एकही मोठी चकमक न होता. आता ते अधोरेखित वाक्य काढा: शिपाई गेला की गटाने दुसरा द्यायचा. स्वीडनच्या गावागावांतल्या हजारो गटांना त्या वर्षी नवा माणूस शोधायचा होता. कैद्यांपैकी बरेच सायबेरियात गेले. त्यांतल्याच श्ट्रालेनबर्ग नावाच्या अधिकाऱ्याने पुढे त्या अज्ञात मुलखाचा नकाशा काढला.

पाच वर्षं तुर्कांच्या दारात

राजा आता ऑटोमन हद्दीत, द्नीस्तर नदीकाठच्या बेंडर गावात. बहुतेक पुस्तकं हा काळ गंमतीजंमतीत उरकतात. तुम्ही उरकू नका. हा काळ म्हणजे पत्राने चालवलेलं राज्य. कचेरी राजासोबत, देश हजारेक मैल दूर. पहिल्या रकान्यात नुसतं ‘बेंडर, बेंडर, बेंडर’ लिहावं लागतं. तिसरा रकाना मात्र भरून वाहतो: १७१० मध्ये रिगा पडलं, रेव्हाल पडलं, व्हिबोर्ग पडलं. त्याच सुमारास प्लेगने स्टॉकहोमची जवळजवळ एक तृतीयांश वस्ती नेली. डेन्मार्कने पुन्हा उचल खाल्ली. स्वीडिश सेनापती स्टेनबॉकने हेलसिंगबोर्गला त्यांना परतवलं, पुढे गाडेबुशला जिंकला, आणि १७१३ मध्ये ट्योनिंगला त्यालाही शरण जावं लागलं. १७१४ पर्यंत फिनलंड रशियाच्या ताब्यात.

दुसऱ्या रकान्यात एक नोंद चुकवू नका. जुलै १७११, प्रुट नदी. तुर्की फौजेने पीटरला पुरतं कोंडलं होतं. वजीर बाल्ताजी मेहमेद पाशाने तह करून त्याला सोडलं. चार्ल्स घोडा पिटाळत पोचला तेव्हा तह होऊन गेला होता. त्याची सारी मुत्सद्देगिरी तिथे पाण्यात गेली.

१७१३ च्या सुरुवातीला यजमानांचाच धीर सुटला. सुलतानाने जा म्हटलं, राजा जाईना. मग मूठभर माणसांनिशी एका घरात स्वतःला कोंडून त्याने तुर्की सैन्याशी दिवसभर लढाई केली, छप्पर पेटेपर्यंत. शौर्य म्हणा, वेडेपणा म्हणा. मी पहिल्या रकान्यात एक ओळ लिहितो आणि पुढे सरकतो. त्यापेक्षा पुढच्या वर्षीची घोडदौड मला भावते: ‘कॅप्टन पीटर फ्रिस्क’ या खोट्या नावाने वालाकियातून, म्हणजे आजच्या रुमेनियातून, निघून, हंगेरी, व्हिएन्ना, कासेल करत, दोन हजारांहून अधिक किलोमीटर पंधरवड्यात तोडून तो मध्यरात्री श्ट्रालझुंडच्या वेशीवर हजर झाला. १७१५ च्या डिसेंबरात श्ट्रालझुंडही गेलं आणि राजा होडीने स्वीडनला उतरला. उतरला, पण स्टॉकहोमला नाही गेला. दक्षिणेला लुंडमध्ये मुक्काम ठोकला.

एक नाणं हातात घ्या

शेवटची तीन वर्षं समजून घ्यायला पुस्तकापेक्षा नाणं बरं. राजाचा अर्थकारभार आता जर्मनीतून आलेल्या बॅरन गोर्ट्झकडे होता. १७१५ ते १७१९ दरम्यान स्वीडनने तांब्याची आणीबाणीची नाणी पाडली. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर त्यांची छायाचित्रं सहज मिळतात, आणि नाण्यांच्या बाजारात ती अजूनही फिरतात. १७१८ चं एक घ्या: तलवार उपसलेला योद्धा, बाजूला सिंह, भोवती ‘फ्लिंक ओक फेर्दिग’, म्हणजे चपळ आणि सज्ज. मागे किंमत: एक दालर, चांदीच्या हिशेबाचा. बाकीच्यांतल्या काहींवर ज्युपिटर, सॅटर्न, मार्स, मर्क्युरी असे रोमन देव आहेत.

आता वजन पाहा. हे नाणं साधारण साडेचार ग्रॅम तांब्याचं. स्वीडनमध्ये त्याच काळी तांब्याच्या जाड चौकोनी पत्र्यांचा पैसाही चालायचा. चारी कोपऱ्यांवर शिक्के, मधे किंमत. त्यातला एक दालरचा पत्रा सुमारे पाऊण किलोचा! लिहिलेली किंमत तीच, तांबं दीडशेव्या हिश्शाहूनही कमी. मधला फरक सरकारने शिपायांच्या अन्नाला, कपड्याला, बंदुकांना लावला. अशी नाणी लाखांनी नव्हे, कोटींनी पाडली गेली. लोक खरा पैसा दडवून ठेवू लागले, भाव चढले. राजा गेल्यावर १७१९ मध्ये या नाण्यांची किंमत निम्म्यावर आणली. नुकसान ज्याच्या गाठी नाणं होतं त्याचं. गोर्ट्झचा त्याच साली शिरच्छेद झाला. तिसऱ्या रकान्यात या नाण्याचं चित्र चिकटवा.

गोळी कुणाची? एक संध्याकाळ पुरे

३० नोव्हेंबर १७१८, ज्युलियन. नॉर्वेतल्या फ्रेडरिकस्हाल्डजवळ फ्रेडरिकस्टेन किल्ल्याला वेढा. रात्री राजा खंदकाच्या कडेवर डोकं काढून कामावर नजर ठेवून होता. एका कानशिलातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडणारा घाव बसला आणि तो जागीच गेला. छत्तीस वर्षांचा.

शत्रूची गोळी की घरच्यांनी काटा काढला, यावर ग्रंथ पडलेत. कबर १७४६, १७९९, १८५९ आणि १९१७ मध्ये उघडली गेली. त्याची भोक पडलेली टोपी आणि चिखलाचे डाग असलेला गणवेश स्टॉकहोमच्या राजशस्त्रागाराच्या संग्रहालयात आहे. १९२४ मध्ये सापडलेलं, शिसं भरलेलं पितळी बटण ‘हीच ती गोळी’ म्हणून स्वीडनमधल्या व्हारबेर्गच्या संग्रहालयात ठेवलंय. २०२२ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग करून सांगितलं की मारा वीस मिलिमीटरहून मोठ्या लोखंडी गोळ्याचा असावा. तसं असेल तर किल्ल्याच्या तोफेतला छर्रा ही शक्यता बळावते आणि बटणाची कथा मागे पडते. वाचताना तीनच प्रश्न विचारा: भोक केवढं, दिशा कुठली, अंतर किती. मग वही पुढे न्या.

कारण पुढच्या पानावर जास्त महत्त्वाचं आहे. वेढा लगेच उठला. उत्तरेला ट्रोंडहाइमकडे धाडलेला सेनापती आर्मफेल्ट आपली फौज घेऊन परत फिरला. जानेवारी १७१९ मध्ये तिडालच्या डोंगरांत बर्फाच्या वादळाने त्याच्या सुमारे सहा हजारांपैकी तीन हजार माणसं गोठून मारली. बहुतेक फिनलंडची. राजाच्या मृत्यूवर लिहिणारे शंभर, या तीन हजारांवर लिहिणारा एखादा.

चित्रं आणि पुतळे पाहताना सावध राहा. चित्रकार सेडरस्ट्रोमचं प्रसिद्ध चित्र, डोंगरवाटेने उघड्या चेहऱ्याचं राजाचं शव वाहून नेणारे सैनिक, मृत्यूनंतर दीडशे वर्षांहून उशिरा काढलेलं आहे आणि त्यातलं दृश्य कल्पनेचं आहे. स्टॉकहोमच्या बागेतला पूर्वेकडे बोट दाखवणारा पुतळा १८६८ चा. फ्रेंच लेखक व्होल्तेरने लिहिलेलं चरित्र १७३१ चं. वाचायला फक्कड, पण नाट्याच्या हव्यासाने भरलेलं. याउलट राजासोबत फिरणारा आडलरफेल्ट रोजच्या रोज नोंदी करत होता. तोफेच्या गोळ्याने तो पोल्टावाला मेला आणि नोंदी तिथेच तुटल्या. मुक्काम, अंतर, हवा यांसाठी त्याला आधी विचारा.

वही १७२१ पर्यंत न्या, राजा नसला तरी. पहिल्या रकान्यात आता धाकटी बहीण उल्रिका एलिओनोरा येईल. तिला गादी मिळाली, पण राजाचा अनियंत्रित अधिकार सोडण्याच्या अटीवर. पुढच्याच वर्षी तिने ती नवऱ्याला, हेसच्या फ्रेडरिकला, दिली. दुसऱ्या रकान्यात १७१९ पासून रशियन गलबतं स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यावरची गावं जाळताना दिसतील. शेवटची नोंद १० सप्टेंबर १७२१, निस्टाडचा तह: लिव्होनिया, एस्टोनिया, इंग्रिया आणि करेलियाचा काही भाग रशियाला, फिनलंडचा बराचसा भाग परत, आणि बदल्यात पीटरने स्वीडनला मोजायचे वीस लाख दालर. हे खरे, चांदीचे.